मुंबई महानगर : यंदाची सुरुवातीची थंडी – अंदाज, निरीक्षणं आणि चर्चा

मतलई | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

काल कार्तिकी एकादशी झाली, तुळशीची लग्नं सुरू झाली, तरी घराघरांतल्या छत्र्या अजून माळ्यावर गेलेल्या नाहीत. हवामान खात्याने १० ऑक्टोबरला मुंबईतून मोसमी पाऊस परतल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ८ ऑक्टोबर, म्हणजे उशीर फारसा नव्हता. पण नंतर अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा हलायलाच तयार नव्हता. पलीकडे बंगालच्या उपसागरातलं मोंथा चक्रीवादळ २८ ऑक्टोबरला आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं. दोन्ही बाजूंनी ओल येत राहिली आणि ऑक्टोबरचा शेवट ढगांतच गेला.

अशात 'यंदा थंडी कडाक्याची' असे मेसेज व्हॉट्सॅपवर फिरायला लागलेत. कारण काय, तर ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार होणं. मला वाटतं, मुंबई, ठाणे, वसई-विरार, कल्याण, पनवेल, अलिबाग या किनारपट्टीच्या पट्ट्यासाठी ला निनाकडे बघण्याआधी वाऱ्याकडे बघायला हवं. म्हणून हा धागा.

आधी सरासरी. सांताक्रूझला नोव्हेंबरमध्ये किमान तापमान साधारण २१ अंशांच्या आसपास असतं, डिसेंबरात १८-१९, जानेवारीत १७ च्या जवळ. कुलाबा यापेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार. पण या सरासरीवर विसंबून कुणी स्वेटर काढू नये आणि कुणी ठेवूनही देऊ नये. कारण आपल्याकडे थंडी झोतात येते. तीन-चार दिवस राहते, जाते, पुन्हा येते.

झोत येतो कसा? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली, काश्मीर, हिमाचलवर येतात, तिथे बर्फ पडतं. तो विक्षोभ पूर्वेला सरकला की त्याच्या मागून कोरडे, थंड उत्तरेचे वारे राजस्थान, गुजरात ओलांडून खाली उतरतात आणि एक-दोन दिवसांत पालघर-मुंबईपर्यंत पोचतात. विक्षोभ येत असताना मात्र उलटं होतं. वारे दक्षिणेकडे वळतात आणि आपल्याकडची रात्र उबदार होते. त्यामुळे 'काश्मिरात बर्फ पडतंय' ही बातमी वाचली त्याच दिवशी मुंबईत गारठा शोधू नका, दोन दिवस थांबा.

दुसरा खेळाडू बंगालचा उपसागर. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे काही तयार झालं की आपल्याकडे पूर्वेचे दमट वारे येतात, आकाशात पातळ ढग पसरतात आणि किमान तापमान २२-२४ वर जाऊन बसतं.

या दोघांची ओढाताण गेल्या वर्षी डोळ्यांदेखत दिसली. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी छान गारवा होता. मग फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं, त्याचा उरलेला भाग दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे आला आणि ४ डिसेंबरला सांताक्रूझचं कमाल तापमान ३७.३ गेलं. भर डिसेंबरात! मग वारे फिरले. ९ डिसेंबरच्या सकाळी तिथलंच किमान १३.७. पाच दिवसांत मे महिना आणि जानेवारी दोन्ही बघून झाले.

आणि ला निनाबद्दल एवढंच : अलीकडच्या काळातली डिसेंबरातली सगळ्यांत थंड सकाळ २४ डिसेंबर २०१५ ची, सांताक्रूझ ११.४. ते वर्ष एल निनोचं, म्हणजे ला निनाच्या नेमक्या उलट स्थितीचं होतं, तेही अतिशय तीव्र एल निनोचं. प्रशांत महासागराचा परिणाम उत्तर भारताच्या हिवाळ्यावर होतो हे खरं, पण त्यावरून मुंबईची सकाळ ठरवता येत नाही. यंदाची ला निना तशीही दुबळीच आहे.

माझा अंदाज असा. हा आठवडा दमटपणा ओसरण्यात जाईल. आकाश मोकळं झालं की आधी कर्जत, बदलापूर, वाडा, मुरबाड या बाजूला पहाटे धुकं आणि गारवा येईल, मुंबई शहराला नंतर. पहिला खरा झोत नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आसपास. महिन्याच्या शेवटी आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लक्ष उपसागराकडे ठेवा, घोळ झाला तर तिथूनच होईल. डिसेंबरच्या मध्यानंतर थंडी जास्त भरवशाची.

आपापल्या भागातली निरीक्षणं लिहा. विशेषतः वारा कुठून आहे ते.

---

बारवीकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

धाग्याची वाटच बघत होतो. बदलापूरहून हजेरी.

आमच्याकडे आणि मुंबईत फरक का पडतो असं ऑफिसात दरवर्षी विचारतात. एक तर समुद्र लांब. दुसरं म्हणजे माथेरान-मलंगगडाची रांग एका बाजूला आणि सह्याद्री दुसऱ्या बाजूला. रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि उल्हासच्या खोऱ्यात उतरून साचते. वारा पडलेला असेल तर सकाळी सहाला नदीकाठी आणि स्टेशनजवळ दोन-तीन अंशांचा फरक सहज जाणवतो. सांताक्रूझला १७ असेल तेव्हा इथे १३-१४ असणं नवलाचं नाही.

आज पहाटे पाचच्या गाडीला निघालो तर वांगणीच्या बाजूला शेतांवर धुकं होतं. जमीन ओली, आकाश थोडं मोकळं, वारा नाही. थंडी नाहीच, पण सुरुवात अशीच होते. कर्जत-बदलापूर पट्ट्यात असं धुकं दाट झालं की पहाटेच्या लोकल रखडतात. ज्यांना आठच्या आत मुंबईत पोचायचंय त्यांनी पुढचे दोन महिने एक गाडी आधीची धरावी.

---

परळकर | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०२

मतलई, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण सांगू का, आम्हा शहरवाल्यांना यातलं काही लागू होत नाही. परळ-लालबागला डिसेंबरात पंखा फिरतच असतो. सगळे आकडे सांताक्रूझचे. सांताक्रूझ म्हणजे मुंबई नव्हे.

---

मतलई | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

परळकर, मुद्दा अगदी बरोबर आहे आणि यावर नीट बोलायला हवं.

मुंबईत हवामान खात्याची दोन मुख्य केंद्रं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिच्या तीन बाजूंना समुद्र. समुद्र रात्री फारसा थंड होत नाही, त्यामुळे कुलाब्याचं किमान तापमान कायम चढं. सांताक्रूझचं केंद्र विमानतळाजवळ, तिथे मोकळं मैदान, रात्री जमीन लवकर निवते. १९६२ च्या २२ जानेवारीला सांताक्रूझला ७.४ नोंदवलं गेलं, तो आजवरचा नीचांक. त्याच सकाळी कुलाब्याला ११.७. एकाच शहरात चार अंशांहून जास्त फरक.

परळ दोन्हींच्या मध्ये, त्यात दाट वस्ती, काँक्रीट, गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. उलट बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, आरे, पवई इथे झाडी आणि मोकळी जमीन, तिथे सांताक्रूझपेक्षाही गार. म्हणून मी म्हणतो आपापल्या भागातलं लिहा. महानगराचा एकच आकडा नसतो.

---

वेसावकरीण | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मी वर्सोव्याची. आमच्याकडे थंडी किती पडणार यापेक्षा वारा सुका कधी होणार हा प्रश्न आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी पावसाने आमचं काय झालं ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. बोंबील, जवळा, करंदी सुकवायचे हेच दिवस. बोंबील दोन-दोन जबड्यांत जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या आडव्या दांड्यांवर टांगतात. वारा कोरडा आणि ऊन लख्ख असेल तर दोन-तीन दिवसांत माल खडखडीत होतो. दमट हवेत तो चिकट राहतो, रंग पिवळा पडतो, वास धरतो, आणि वरून सर पडली तर उतरवून फेकण्यापलीकडे काही उरत नाही. जवळा तर जमिनीवर पसरलेला, तो गोळा करेपर्यंत भिजतो. यंदा समुद्र खवळलेला म्हणून होड्या परत बोलावल्या होत्या, जो थोडा माल आला तोही पावसाने घालवला. सुक्या मासळीवर आमच्या बायकांचा पावसाळ्यापर्यंतचा खर्च चालतो. वादळाची नुकसानभरपाई लिहायला येतात तेव्हा होडी मोजतात, जाळं मोजतात, वलांडीवरचा माल कुणी मोजत नाही.

दादा, मला एवढंच सांगा : सुकं वारं कधीपासून धरू? माल टाकायचा की बर्फात ठेवून विकायचा हे रोज पहाटे ठरवावं लागतं.

---

मतलई | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१०

ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

तारीख सांगून तुमचं नुकसान करायचं नाही, म्हणून मी काय बघतो ते सांगतो. एक, दुपारची आर्द्रता. आता ती साठ टक्क्यांच्या वर आहे. ती चाळिशीच्या खाली यायला लागली की उत्तरेची किंवा ईशान्येची कोरडी हवा आली असं समजा. दोन, सकाळचा वारा. सूर्योदयाच्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अंगाला कोरडा लागला आणि दहा-साडेदहापर्यंत टिकला तर माल टाकायला हरकत नाही. सात-आठलाच पडला आणि समुद्राकडून ओलसर झुळूक आली तर दिवस धोक्याचा. तीन, दक्षिणेकडून सरकणारे पातळ, दुधाळ ढग दिसले तर दुसऱ्या दिवसाचा भरवसा नाही.

हवामान खात्याचा पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज रोज दुपारी ताजा होतो, तो मोबाइलवर बघत जा. पहिल्या दोन दिवसांवर विसंबता येतं, चौथ्या-पाचव्यावर तितकं नाही. या शनिवार-रविवारनंतर कोरडेपणा वाढायला हवा असं आजचं चित्र आहे.

---

भातखाचर | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

वाडा तालुका, पालघर जिल्हा. वेसावकरीणताईंसारखंच आमचं. हळवं (लवकर तयार होणारं) भात कापून खाचरात पसरलं होतं त्यावर पाऊस पडला. पेंढ्या पाण्यात, लोंब्यांना कोंब. ज्यांनी घाई करून उडव्या रचल्या त्यांचं आतून गरम होऊन काळं पडलं. गरवं (उशिरा तयार होणारं) उभं होतं ते आडवं झालं.

एक गोष्ट मात्र बरी. जमिनीत ओल भरपूर आहे. भात निघालं की वाल, हरभरा, मूग टाकता येतील आणि एरवीपेक्षा बरे उगवतील. त्याला आता गारवा आणि दव हवं. वालाला सकाळचं दव मानवतं, पण ढगाळ राहिलं की मावा येतो. तुमच्याकडे शहरात ढग म्हणजे नुसती उबदार रात्र, आमच्याकडे ढग म्हणजे फवारणीचा खर्च.

मतलईदादा, रात्रीचं किमान तापमान १५ च्या खाली इथे कधीपासून?

---

मतलई | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

भातखाचर, वाड्याला पहिल्याच चांगल्या झोतात १५ च्या आत जाईल, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. मुंबईच्या आधी तुम्हाला मिळेल हे नक्की, कारण उत्तरेचा वारा पालघरकडूनच येतो. मळणी करायची असेल तर पुढच्या आठवड्यातले कोरडे दिवस सोडू नका.

---

श्वासमोकळा | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी छातीचे विकार बघतो, चेंबूरला. थंडीच्या धाग्यात हवेच्या दर्जाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या दृष्टीने मुंबईचा सुरुवातीचा हिवाळा म्हणजे खोकल्याचा हंगाम.

कारण साधं आहे. पावसाळ्यात हवा धुतली जाते, उन्हाळ्यात दिवसभर खारे वारे तिला ढकलतात. नोव्हेंबरपासून रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची गरम असा उलटा थर बसतो, पातेल्यावर झाकण घातल्यासारखा. बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, सगळं त्याच्या खाली साठतं. सकाळी सहा ते नऊ सगळ्यांत वाईट. आणि आपले ज्येष्ठ नागरिक नेमके त्याच वेळी फिरायला निघतात.

ला निनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा दिल्लीशी स्पर्धा करत होती, आठवत असेल. 'सफर' या हवेचा दर्जा मोजणाऱ्या प्रकल्पाचे संस्थापक गुफरान बेग यांनी त्यावर अभ्यास केला. सलग तीन वर्षं चाललेल्या ला निनाच्या शेवटच्या टप्प्यात मुंबईवरच्या वाऱ्यांचं चक्र बिघडलं, समुद्राकडून वारा परत फिरायला उशीर होत गेला आणि धूळ बाहेर गेलीच नाही, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे ला निनाने थंडी आणो न आणो, तिचा हवेशी संबंध आहे.

माझ्या रुग्णांना सांगतो तेच इथे. दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्गाचा दीर्घकाळचा आजार) असलेल्यांनी या दोन महिन्यांत इन्हेलर स्वतःच्या मनाने कमी करू नये. फिरणं ऊन चढल्यावर, साडेनऊनंतर किंवा संध्याकाळी लवकर. रस्त्यालगत चालायचं असेल तर एन-९५ मास्क, कापडी रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. साठीपुढच्यांनी फ्लूची लस राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. आणि खोलीत शेगडी किंवा कोळसे पेटवून दारं-खिडक्या बंद करू नयेत, यात जीव जातो.

---

पूर्वद्रुतगती | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

डॉक्टरसाहेब, तंतोतंत. आमच्या इमारतीसमोर दोन वर्षं टॉवरचं काम चाललंय. पत्र्याचं कुंपण आहे पण एका बाजूने अर्धवट, मातीचे ट्रक झाकण न घालता जातात. वडिलांना दमा. नोव्हेंबर उजाडला की त्यांच्या खोलीची खिडकी बंद ती होळीपर्यंत. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम काढले, सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतींच्या कामाला ३५ फुटी पत्रे, पाण्याची फवारणी, ट्रकची चाकं धुणं, सगळं कागदावर आहे. तक्रार केली की दोन दिवस पाणी मारतात.

आम्ही सोसायटीने आता फोटो, तारीख आणि वेळ घालून नोंदवही ठेवायला सुरुवात केली आहे. ज्यांच्यासमोर काम चालू आहे त्यांनी हे करावं, वॉर्ड ऑफिसात नुसतं 'धूळ येते' सांगून भागत नाही.

---

तुर्भे_ते_तळोजा | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

वाचतोय, सगळेच प्रतिसाद माहितीपूर्ण. माझा प्रश्न घरगुती आहे. बहिणीचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कर्जतजवळ लॉनवर, संध्याकाळचा मुहूर्त. आईचा जीव टांगणीला. मांडव वॉटरप्रूफ घ्यायचा का? आणि पाहुण्यांत बरेच सत्तरीपुढचे आहेत, गारठेल का?

---

मतलई | ५ नोव्हेंबर, रात्री ८:००

अभिनंदन! पावसाची शक्यता कमी, पण शून्य नाही. ओखी चक्रीवादळाच्या वेळी ५ डिसेंबर २०१७ ला मुंबईत पाऊस पडला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. २०२१ मध्ये १ आणि २ डिसेंबरला दिवसभर पाऊस होता आणि कमाल तापमान पंचविशीच्या आसपास घसरलं होतं. दोन्ही वेळा अरबी समुद्रातली गडबड. तेव्हा छत घ्यायचं की नाही याचा निर्णय मांडववाल्याशी बोलून लग्नाच्या पाच दिवस आधीपर्यंत लांबवता आला तर उत्तम.

गारठ्याचं म्हणाल तर कर्जतला त्या सुमारास रात्री नऊनंतर १६-१८ अंश धरा, दव पडायला लागतं. लॉनवरच्या गवतात पाय ओले होतात, म्हणून ज्येष्ठांच्या खुर्च्या गालिच्यावर आणि छताखाली ठेवा.  जेवण साडेआठच्या आत उरकता आलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

---

परळकर | ५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

ओखीचा उल्लेख केलात म्हणून. तेव्हा ६ डिसेंबरच्या आदल्या दिवशी शिवाजी पार्कात चिखल झाला होता. महापरिनिर्वाण दिनाला विदर्भ-मराठवाड्यातून लाखो लोक येतात, बरेच जण दोन-तीन दिवस आधीपासून मैदानात मुक्कामाला असतात. त्यांना पालिकेच्या शाळांमध्ये हलवावं लागलं. आमच्या भागातली पोरं रात्रभर चहा आणि चटया पोचवत होती, मीही होतो.

त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचा अंदाज आमच्यासाठी हौसेचा विषय नाही. उपसागर आणि अरबी समुद्र दोन्हींवर लक्ष ठेवून इथे लिहीत राहा ही विनंती. पाऊस नसला तरी उघड्या मैदानात पहाटे समुद्रावरून वारा लागतो, लहान मुलं बरोबर असतात. ब्लँकेटं आधी जमवता आली तर बरं.

---

मतलई | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

नक्की. नोव्हेंबरच्या २५ तारखेपासून रोज सकाळी या धाग्यावर दोन्ही समुद्रांची स्थिती लिहीन. पाऊस नसेल तर त्या सुमारास दादर चौपाटीजवळ पहाटे २०-२१ अंश असतं. आकडा मोठा वाटतो, पण उघड्यावर झोपलेल्या माणसाला वारा आणि दव मिळून चांगलंच बोचतं. हवामान खातंही हे मानतं. मैदानी भागात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान १० किंवा खाली यावं लागतं, किनाऱ्यावर मात्र १५ किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असा वेगळा निकष आहे.

---

हापूसवाडी | ६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

अलिबाग-मुरूडच्या मधली आमची बाग. कलमांना पाऊस लांबल्याने पुन्हा पालवी फुटली आहे, लालसर कोवळी पानं सगळीकडे. पालवी आली म्हणजे मोहोर पुढे गेला. ती जून व्हायला वेळ लागतो आणि मग थंडी हवी. रात्री १५-१७ अंश, दिवसा कोरडं ऊन, असं सलग आठ-दहा दिवस मिळालं तर झाड मोहोरतं. थंडी तुटक आली तर मोहोर टप्प्याटप्प्याने येतो, आंबाही टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला तुडतुडे-भुरीची वेगळी फवारणी.

तुम्ही म्हणता थंडी झोतात येते. आम्हाला झोत किती खोल आहे यापेक्षा तो किती दिवस टिकतो हे हवं. डिसेंबरात एखादी सकाळ १२ ची आली आणि चौथ्या दिवशी २२ झालं तर पेपरात बातमी होते, बागेला उपयोग शून्य.

---

मतलई | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

हापूसवाडी, हा मुद्दा मी यापुढच्या अंदाजांत वेगळा धरेन : किती उतरलं आणि किती दिवस राहिलं.

टिकाव कशावर ठरतो ते सांगतो. लागोपाठ विक्षोभ येत असतील तर दोन झोतांच्या मधल्या दिवसांत दर वेळी दक्षिणेचा वारा येऊन ऊब येते. विक्षोभ एक येऊन गेला आणि मग आठवडाभर उत्तरेकडे काही आलं नाही, मध्य भारतावर जास्त दाबाचं क्षेत्र बसलं, उपसागर शांत राहिला, की थंडी मुक्काम करते. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि जानेवारीत हे जमून यायची शक्यता जास्त. नोव्हेंबरात कमी, कारण उपसागर अजून जागा असतो. यंदा तर हिंदी महासागराची पूर्व बाजू नेहमीपेक्षा गरम आहे, त्यामुळे उपसागराकडून ओल येत राहण्याचा धोका मला नोव्हेंबरअखेरीपर्यंत वाटतो. बागेची तयारी डिसेंबरच्या मध्यावर धरून करावी असं माझं मत.

---

बारवीकाठ | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

आज पहिला फरक. रात्री आकाश मोकळं, चांदणं लख्ख (परवाच त्रिपुरी पौर्णिमा झाली). पहाटे गच्चीवर अंगात शर्ट असूनही हुडहुडी नाही म्हणता येणार, पण हात चोळावेसे वाटले. वारा ईशान्येकडून, अगदी मंद. गाड्यांच्या काचांवर दव जमलंय.

---

वेसावकरीण | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आज सकाळचा वारा दहापर्यंत टिकला. थोडा जवळा पसरून बघितलाय, सगळा नाही. दुपारी बारानंतर समुद्राकडून वारा आला पण कालच्याइतका चिकट नाही. संध्याकाळी कळेल.

---

पूर्वद्रुतगती | ७ नोव्हेंबर, दुपारी २:१०

मतलई, आम्हालाही सोसायटीत तापमान आणि आर्द्रता नोंदवायची आहे. बाल्कनीत थर्मामीटर लावला तर चालेल का? मोबाइलवरचं अॅप एक सांगतं, गाडीतला आकडा दुसराच.

---

मतलई | ७ नोव्हेंबर, रात्री ८:३०

अॅपमधला आकडा बहुतेक वेळा संगणकी प्रारूपातून त्या भागासाठी काढलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो. गाडीचा सेन्सर इंजिन आणि रस्त्याच्या उष्णतेने फसतो.

बाल्कनीत भिंतीला चिकटवून लावू नका, भिंत रात्रभर गरम राहते आणि दोन-तीन अंश जास्त दाखवते. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटरवर, मोकळ्या मैदानात असतो. सोसायटीत बाग असेल तर तिथे सावलीत, हवा खेळती राहील असा खांबावर लावा. बाग नसेल तर गच्चीच्या उत्तरेकडच्या कठड्यापासून हातभर बाहेर, वर छोटं पांढरं छप्पर करून. वेधशाळा किमान तापमान सकाळी साडेआठला आणि कमाल संध्याकाळी साडेपाचला वाचते. तुम्हीही त्याच वेळा पाळल्या तर तुलना करता येईल. शेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि हवेच्या दर्जाचा जवळच्या केंद्राचा आकडा त्याच ओळीत लिहा. दोन महिन्यांत तुमच्या वॉर्ड ऑफिससमोर ठेवायला आकड्यांचा पुरावा तयार होईल.

बाकीच्यांनीही निरीक्षण देताना जागा, मजला, वेळ आणि वाऱ्याची दिशा एवढं लिहा. विरार, डोंबिवली, उरण आणि पनवेल इथून अजून कुणीच आलेलं नाही. तिकडचे कुणी वाचत असतील तर उद्या सकाळपासून सुरुवात करा.

---

वेसावकरीण | ७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

जवळा बरा सुकलाय. उद्या पहाटे वारा बघून बोंबील टांगते. दादा, रविवारचा अंदाज बदलला तर रात्रीच लिहा, पहाटे चारला मी धक्क्यावर असते.

---

मतलई | ७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

लिहीन ताई. रात्री साडेनऊ-दहाच्या आत, रोज.